अकराचा डबा

चिमणाबाई माझी चुलतभावजय. नऊ वर्षं ती आमच्या वस्तीतल्या विहारात रोज सकाळी अकराला भंत्यांना जेवणाचा डबा द्यायची. ते भंते म्हणजे तिचाच नवरा. आधीचा. आता 'आधीचा' म्हणजे नेमकं काय, हे मला संघानं कधी सांगितलं नाही आणि सरकारनंही नाही. मी आकाराम. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली, निवृत्त झाल्यावर विहार समितीचा सचिव झालो, आणि या गोष्टीतला हरामखोर तो मीच. पुढं वाचायचा कंटाळा असेल तर एवढं कळलं तरी पुरे आहे.

वहिनी चंदगडकडची. तिकडच्या पावसात वाढलेली बाई, आवाज असा की या डोंगरावरनं हाक मारली तर त्या डोंगरावरची म्हैस मान वर करील. लग्न होऊन आली ती वारणानगरच्या कॉलनीत, दोन खोल्यांत. गुंडूदादा साखर कारखान्यात रस उकळायच्या खात्यात होता. चाळिशीतच त्याला मधुमेह लागला. "साखर करून करून अंगातच शिरली की हो तुमच्या," असं म्हणून ती चारचौघांत हसायची, पण रात्रंदिवस नजर त्याच्यावर. औषध जास्त झालं किंवा जेवण चुकलं की दादाची साखर एकदम खाली यायची. आधी वरच्या ओठावर घामाचे थेंब, मग कपाळावर, मग तो बोलायचा बंद व्हायचा आणि डोळे मिटून गप्प बसायचा. परक्याला वाटावं, माणूस शांत बसलाय. वहिनी हातातलं टाकून धावायची, गुळाचा खडा फोडून त्याच्या तोंडात सारायची. दहा मिनिटांत दादा डोळे उघडून विचारायचा, "काय झालंतं?" ती म्हणायची, "काय न्हाय. जाऊन आलासा जरा."

लेक वर्षाराणी लग्न होऊन सासरी गेली आणि दादा निवृत्त झाला. त्यानंतर वर्षभरात त्यानं चीवर घेऊन भिक्खू व्हायचं ठरवलं. घरच्यांची परवानगी लागते म्हणून आम्हा सगळ्यांना बसवून त्यानं विचारलं. माझी बायको रडली, वर्षाराणी रडली, वहिनी तेवढी रडली नाही.

"तुला सोडून न्हाय चाललो, चिमणे," दादा म्हणाला. "समद्यालाच सोडून चाललोय."

"मग त्यात मी आलेच की," वहिनी म्हणाली. "जावा. पर माझं एक हाय. दिवसाचं एक जेवान माझ्या हातचं घ्यायचं. बाकी काय मागत न्हाय."

तर असा दादाचा भंते खेमानंद झाला. दोन वर्षं बाहेर शिकून तो आमच्याच विहारात राहायला आला, आणि वहिनी वारणानगर सोडून आमच्या वस्तीत, विहारापासून चौथ्या घरात भाड्यानं राहिली. रोज अकराला डबा घेऊन जायची, पंचांग प्रणाम करायची, भात, आमटी, भाजी एकेक करून भिक्षापात्रात वाढायची. त्यानं "उपासिके" म्हणायचं, तिनं "भंते" म्हणायचं. पहिल्या दिवशी परत येताना ती मला म्हणाली, "भावजी, चाळीस वर्षं जेवाय वाढलं. पाया पडून वाढायची पाळी आजच आली." आणि खळखळून हसली. त्या हसण्यात काय होतं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

भंत्यांचे नियम तिला आमच्यापेक्षा पक्के ठाऊक होते. दुपारी बारानंतर जेवण नाही. आणि कुणी हातानं दिल्याशिवाय भंते काही तोंडात घालत नाहीत, शेजारी ठेवलेलं असलं तरी. पण आजारी भिक्खूला बारानंतरही गूळ, मध, तूप औषध म्हणून चालतं. हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. तिला कोण आनंद! वस्तीभर सांगत सुटली, "अडीच हजार वर्षांमागं बुद्धाला ठावं हुतं बगा, आमचं हे येणार हायत म्हणून." भंत्यांच्या खोलीत फळीवर तिनं गुळाची बरणी आणून ठेवली. बरणी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती, फक्त काढून देणारं कुणीतरी पाहिजे होतं.

मधल्या काळात मी तिला निराधार पेन्शनचा अर्ज भरून दिला. तिच्याबरोबर कचेरीत गेलो. टेबलामागचा पोरगेला बाबू विचारतो, "नवरा आहे?"

"हाय," वहिनी म्हणाली.

"मग निराधार कशा?"

"हाय, पर माझा न्हाय. चीवर घेतलंय त्यांनी."

"म्हणजे सोडलंय तुम्हाला? मग परित्यक्तेचा दाखला आणा."

वहिनी खवळली. "सोडलं म्हनू नगा. सोडाय काय मी चप्पल हाय? मी परवानगी दिलीया."

बाबूनं माझ्याकडं बघितलं. विधवा नाही, टाकलेली नाही, घटस्फोटित नाही. फॉर्मवर तिच्यासाठी चौकटच नव्हती. मी कारकून माणूस, मला ते पटलंसुद्धा. अर्ज परत घेतला. वहिनी चार घरी भाकरी बडवत राहिली आणि त्यातनंच अकराचा डबा चालू ठेवला.

आता मूळ गोष्ट.

विहारात भंत्यांची खोली म्हणजे पत्र्याचं खोपटं. वर्षावासाचे तीन महिने भंत्यांनी एका जागी राहायचं, आणि नेमका तेव्हाच पत्रा गळायचा. पातेली मांडून भंते मधल्या कोरड्या जागेत बसायचे. एका वर्षी कळलं की विहारांच्या विकासासाठी सरकारची योजना आहे, भिक्खू निवास बांधून मिळतो. माझ्या अंगात आलं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे प्रस्ताव नामंजूर करण्यात गेली होती, आता आपला एक मंजूर करून दाखवायचा! नकाशे, ठराव, उतारे, ट्रस्टची कागदं, दीड वर्ष मी त्यामागं लागलो होतो.

भंते एकदाच बोलले. "आकाराम, मी मागितलंय का?"

"तुमच्यासाठी नाही, भंते. विहारासाठी."

"पत्रा बदलला तरी चाललं असतं," एवढंच ते म्हणाले. पत्रा आम्ही वर्गणी काढून आठवड्यात बदलला असता. पण मीच समितीला थांबवलं होतं. गळकं छप्पर फोटोत चांगलं दिसतं, असं मी म्हणालो होतो. खोटं कशाला सांगू, नव्या इमारतीच्या कोनशिलेवर 'सचिव' म्हणून माझं नाव मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

प्रस्तावाला शेवटची अट होती. विहारात भिक्खूंचं कायम वास्तव्य आहे आणि त्यांना नियमित भोजनदान होतं, याची अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष पाहणी करायची, फोटोसह. ऑगस्टातला मंगळवार ठरला. साहेब पुण्याहून येणार, वेळ सकाळी साडेदहा. आदल्या दिवशी त्यांच्या मदतनीसाचा फोन आला. "भोजनदान साहेबांच्या हस्तेच ठेवा. आधी उरकून घेऊ नका. जेवण झाल्यावर रिकाम्या पात्राचा फोटो काढायचा काय?"

मी म्हटलं, "छे छे! साहेब आल्याशिवाय शीतसुद्धा पडणार नाही."

मंगळवारी सतरंज्या टाकल्या, फुलं मांडली, बॅनर लावला. भंत्यांना खोलीतून काढून बुद्धमूर्तीसमोर आसनावर बसवलं. भंते रोज साडेदहाला इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचे आणि अर्ध्या तासानं जेवायचे. सव्वादहाला मदतनीसाचा फोन आला, "शिरोलीच्या नाक्यावर आहोत, आलोच." मी भंत्यांना म्हणालो, "साहेब पाच मिनिटांत येतायत. इंजेक्शन घेऊन टाका, म्हणजे वेळेत जेवण होईल." त्यांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि घेतलं.

अकराला वहिनी डबा घेऊन आली. नवं नऊवारी नेसली होती बिचारी. मी तिला दारातच धरलं. "वहिनी, थांबा जरा. आज साहेब वाढणार आहेत."

"त्यांनी वाढू दे की, पर येळेत वाढू दे. सुई टोचलीया का न्हाय?"

"टोचलीय. येतायत ते."

ती पायरीवर बसली, डबा मांडीवर. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. मी फोन लावला तर मदतनीस म्हणाला, "साहेब अंबाबाईच्या दर्शनाला गेलेत. इतक्या लांब आलोय तर..." पावणेबाराला वहिनी उठली. "भावजी, मी वाढते. साहेबाला परत वाढू दे दोन घास." मी आडवा झालो. "वहिनी, दीड वर्षाची मेहनत आहे. जेवलेल्या माणसाला परत वाढल्याचं कळलं तर साहेब चिडतील. थांबा जरा."

आयुष्यात ही बाई कुणाच्या बापाचं ऐकली नव्हती. त्या दिवशी तिनं माझं ऐकलं. का ऐकलं असेल? भंत्यांच्या डोक्यावर धड छप्पर येईल, म्हणून ऐकलं. तेवढंच तिला हवं होतं.

बारा वाजले. भंत्यांनी पात्रावर फडकं घातलं, माझ्याकडं बघून किंचित हसले आणि म्हणाले, "आज उपवास." मला हायसं वाटलं. किती समजूतदार, म्हणून मी मनात हात जोडले. असला मी!

साडेबाराच्या सुमाराला भंत्यांनी डोळे मिटले. पाठ ताठ, हात मांडीवर. हॉलमध्ये चाळीसएक माणसं होती, सगळी आपोआप गप्प झाली. कुणीतरी कुजबुजलं, "ध्यान लागलं." बयाबाई नावाची म्हातारी उपासिका हात जोडून पुढं सरकली. आणि मागनं वहिनीचा आवाज आला, "घाम आलाय त्यास्नी."

मी वळलो. ती पायरीवर उभी होती, मुठीत गुळाचा खडा. खोलीतल्या बरणीतनं घेऊन आली होती.

"वहिनी, हळू बोला. ध्यानात आहेत."

"ध्यान न्हवं ते. वरचा ओठ बघा. माझं बगून झालंय हे धा बार. मला जाऊ द्या आत, गूळ देते."

समितीचा अध्यक्ष दारात होता, तो म्हणाला, "बारा वाजून गेलेत, मावशी. आता भंते काही घेत नाहीत. व्रत मोडायचं काय त्यांचं?"

"गूळ चालतोय! औषद हाय त्ये! त्यांनीच सांगितलंय मला!"

अध्यक्ष हसला. नियम सांगायला निघाली अडाणी बाई, अशा अर्थाचं. मी हसलो नाही, पण मी तिला जाऊही दिलं नाही, कारण तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. एक वाजून दहा मिनिटं. मी तिचा दंड धरून तिला बाजूच्या खोलीत नेलं आणि म्हणालो, "दहा मिनिटं, वहिनी. दहाच मिनिटं थांबा." आणि बाहेरनं कडी घातली. हो, कडी घातली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

साहेब दात कोरत उतरले. तांबडा-पांढरा रस्सा जेवून आले होते, वाटेत तोंड भरून कौतुक करत होते. आत येऊन त्यांनी भंत्यांना बघितलं आणि खरोखर भारावले. आवाज खाली आणून म्हणाले, "उठवू नका. असंच राहू दे. फोटो नैसर्गिक येतो." कुणीतरी वहिनीचा डबा उघडून दिला. साहेबांनी पळीभर भात भंत्यांच्या पात्रावर धरला, फडकं मीच बाजूला केलं, आणि चार बाजूंनी फोटो निघाले. मी इतका जवळ होतो की भंत्यांच्या हनुवटीवरनं थेंब चीवरावर पडताना मला दिसला. मला दिसला. मी पंख्याकडं बघितलं आणि मनात म्हणालो, उकडतंय आज.

साहेबांनी वही भरली, नकाशा बघितला, चहा घेतला, गळक्या पत्र्याचे फोटो काढले. दहाची पस्तीस मिनिटं झाली. आतनं दार वाजत होतं. साहेबांनी विचारलं, "काय आवाज येतोय?" मी म्हणालो, "सुतारकाम चाललंय शेजारी."

गाडी वळल्यावर मी कडी काढली. वहिनीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. धावत जाऊन भंत्यांसमोर बसली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा नावानं हाक मारली. "अवो, गुंडू! अवो, त्वांड उघडा!" गूळ ओठांत सारला तो तसाच बाहेर आला. भंते एका बाजूला कलंडले आणि तिच्या मांडीवर पडले. अध्यक्ष ओरडला, "मावशी, शिवू नका त्यांना!" वहिनीनं त्याला जी शिवी दिली, ती इथं लिहिता येत नाही. ती त्याला पुरली नाही एवढंच म्हणतो.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, किती वेळ असे होते? साखर फार वेळ खाली राहिली होती, मेंदू गेला होता. भरतीच्या कागदावर नातेवाइकाची सही पाहिजे होती. मी पुढं होऊन म्हणालो, "भंत्यांना नातेवाईक नसतात. समितीची सही घ्या." नर्सनं वहिनीकडं बोट केलं. "या बाई कोण मग? आल्यापासनं हात सोडत नाहीत."

वहिनीनं हात सोडला. "मी डबा देते," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी भंते गेले. वहिनीनं बांगड्या फोडल्या नाहीत, कुंकू पुसलं नाही, ते तिनं चीवराच्या दिवशीच पुसलं होतं. मृत्यूची नोंद मी केली. मयताचं नाव भदंत खेमानंद, राहणार करुणा विहार. ट्रस्टच्या फायलीला तसंच लागत होतं. महिन्याभरानं वहिनी विधवा पेन्शनचा अर्ज घेऊन त्याच कचेरीत गेली, एकटीच, मला न सांगता. गुंडू नावाच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला मागितला, तो तिच्यापाशी नव्हता. कागदावर तिचा नवरा अजून जिवंत आहे. दुरुस्तीचा अर्ज मी करू शकतो, सोपं काम आहे. पण दुरुस्ती करायची तर मृत्यू कसा झाला, त्याचे जुने कागद पुन्हा निघतात. मी ते केलेलं नाही.

प्रस्ताव मंजूर झाला. शेऱ्यात लिहिलं होतं, 'भिक्खूंची साधना पाहून समाधान वाटले.' सव्वा वर्षात दोन मजली भिक्खू निवास उभा राहिला, फरशी, नळ, गीझर सगळं. दुसरे एक भंते राहायला आले. कोनशिलेवर माझं नाव खालून तिसरं आहे.

आणि हॉलमध्ये, आत शिरताच समोर, तो फोटो. चार बाय सहा फुटांचा. साहेबांनीच मोठा करून पाठवला होता, पळी आणि स्वतःचा हात कापून. नुसते भंते. डोळे मिटलेले, चेहरा चमकणारा.

उद्घाटनाला साहेब आले. आता ते वरच्या पदावर आहेत. वहिनी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. समितीतल्या कुणी बोलावलं नव्हतं, नव्या भंत्यांसाठी अकराचा डबा घेऊन ती आपण होऊन आली होती. साहेब बोलायला उभे राहिले तेव्हा पावणेबारा झाले होते.

"मी सरकारी माणूस," साहेब म्हणाले. "शेकडो संस्था तपासल्या. पण त्या दिवशी या विहारात जे पाहिलं, ते विसरणार नाही. बघा त्या फोटोकडं. बघा चेहऱ्यावरचं तेज!"

सगळ्यांच्या माना फोटोकडं वळल्या. वहिनी उठली. आवाज तोच, डोंगरावरनं हाक मारल्यासारखा.

"त्येज न्हाय ते, सायेब. घाम हाय."

अध्यक्षानं माझ्याकडं बघितलं. आता ही सगळं सांगणार. कडीसुद्धा.

साहेब क्षणभर गोंधळले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"ऐकलंत?" ते माइकमध्ये म्हणाले. "या आईंना कळलं! तेज नाही, घाम आहे! साधनेचा घाम! अहो, तपश्चर्या म्हणतात ती हीच!"

टाळ्या पडल्या. बयाबाईनं डोळे पुसले. लोक वळून वहिनीकडं कौतुकानं बघत होते, कुणी मोबाईल उचलून तिचा फोटो काढला. तिनं तोंड उघडलं, पण टाळ्यांत काही ऐकू येईना. मग तिची नजर त्या गर्दीतून सरळ माझ्यावर आली आणि तिथंच थांबली. मी काय बोलतो, याची वाट बघत होती ती.

मी टाळ्या वाजवत होतो.